शिलेदार घोडा कसा पारखत असे?

मराठ्यांच्या घोडदळाचा विषय निघाला की आपले मन थेट रणभूमीवर जाते: टापांचा आवाज, धुळीचे लोट, भरधाव दौड. प्रत्यक्षात मोहिमेवरील स्वाराचे बहुतांश दिवस लढण्यात नव्हे, वाटचालीत जात. रोज काही कोस, आणि असे सलग कित्येक महिने. त्यामुळे घोडा विकत घेताना ‘हा किती वेगाने धावेल?’ हा प्रश्न दुय्यम ठरे. याच्या पाठीवर दिवसभर बसवेल का, आणि मोहीम संपेपर्यंत हा उभा राहील का, हे आधी पाहावे लागे. आजचा धागा या निवडीविषयी आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. शिलेदाराची सारी पत त्या जनावरावर उभी होती. घोडा गेला की त्याचे भांडवल गेले, आणि दुसरा घेण्याची ऐपत नसेल तर बारगीर म्हणून चाकरी पत्करण्यावाचून फारसा मार्ग उरत नसे. घोडा निवडताना केलेली चूक अशी घरादाराला भोवणारी होती.

मग तो पाहत काय असे? सर्वांत आधी चाल. घोडा दुडकी चालतो तेव्हा समोरासमोरच्या कोनांतले दोन पाय एकाच वेळी उचलतो. दोन पावलांच्या मध्ये त्याचे शरीर क्षणभर अधांतरी होते आणि स्वार खोगिरावर आदळत राहतो. रहवाल चालीत एका बाजूचे पुढचे व मागचे पाऊल जोडीने पडते. पाठ वरखाली होण्याऐवजी हलकेच डुलते. वेग जवळपास दुडकीएवढाच, पण स्वाराच्या कंबरेला हिसका नाही. म्हणूनच रहवाल घोड्याला मान होता. मध्ययुगीन युरोपातही युद्धाचा घोडा वेगळा आणि प्रवासाचा ‘पाल्फ्री’ वेगळा असे. पाल्फ्रीची ख्याती याच सुखद चालीसाठी होती. काही घोड्यांना ही चाल उपजत का येते, याचा एक जनुकीय धागा २०१२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या संशोधनातून हाती लागला. आपल्याकडच्या पारख्यांना तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते घोडा फिरवून पाहत, एवढेच.

चालीनंतर पाय आणि पोट. बीड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला गोदावरीकाठची काळी, चिकट जमीन. दक्षिणेला बालाघाटाचा खडकाळ पसारा. एका दिवसाच्या मजलेत स्वाराला दोन्ही भेटू शकत. ठिसूळ खुराचा घोडा खडकावर लंगडा होई, आणि जड अंगाचा काळ्या रानातील चिखलात रुते. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ची, म्हणजे ऐन पावसाळ्यातली. निजामाचे बरेचसे सैन्य पूर आलेल्या गोदावरीपलीकडे गेले होते, आणि अलीकडे राहिलेल्यांवर थोरल्या माधवरावांनी हल्ला चढवला. दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. पुस्तकांत सेनापतींचे डावपेच असतात. त्या चिखलातून पाय उपसत चाललेल्या हजारो घोड्यांवर कुणी परिच्छेद लिहीत नाही.

पोटाचा प्रश्न तर याहून बिकट. अरबी घोडा देखणा आणि वेगवान, पण तो समुद्रमार्गे येई, महाग पडे, आणि त्याचे खाणेपिणे सांभाळावे लागे. दख्खनी तट्टू कडब्यावर, वाळल्या गवतावर आणि मूठभर चंदीवरही तग धरी. बाजीरावाच्या १७२७-२८ च्या पालखेड मोहिमेतील वेगाचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. जो घोडा वाटेत मिळेल ते खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू शकतो, त्याच्याच जिवावर असा वेग शक्य होतो.

याच्या जोडीला शुभाशुभ लक्षणे होतीच. छातीवर देवमण असेल तर भाग्याचा, चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी, आणि नको तिथे गोम असेल तर सौदा मोडला. ही परंपरा फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’मध्येही घोड्यांचा सविस्तर विचार केला आहे. या चिन्हांना निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे मला घाईचे वाटते. बाजारात अनोळखी माणसाकडून जनावर घेताना भाव पाडण्यासाठी गोम फार सोयीची असणार! पण जाणता गिऱ्हाईक दातही बघेच. घोड्याचे कायमचे पुढचे दात साधारण पाचव्या वर्षी पुरे होतात आणि पुढे त्यांवरील खळगे झिजत जातात. विकणारा वय चोरील, दात चोरत नाहीत.

निवड कितीही चांगली असली तरी निगा नसेल तर ती वाया जाते, हे शिवकालीन व्यवस्थेने ओळखले होते. सभासद सांगतो की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि त्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल, असे त्यात बजावले आहे. पेटती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथवर त्यांची नजर गेली आहे.

दख्खनी तट्टांपैकी भीमथडीचे नाव राज्यगीतामुळे आज शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मात्र स्वतंत्र जात म्हणून त्याची अधिकृत नोंद व्हायला जानेवारी २०२४ उजाडावे लागले. तोवर काठियावाडी, मारवाडी, झांस्करी अशा सात भारतीय जाती नोंदल्या गेल्या होत्या. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागांतील धनगर या मधल्या काळातही तो पाळत होते. मेंढरांमागून चालणाऱ्या त्या घोड्याच्या पाठीवर आता स्वार नसतो. भांडीकुंडी, अंथरुणे, आणि कधी कधी वर बांधलेले एखादे कोकरू असते.