शिक्रा : वावर आणि उपजाती

शिक्रा म्हणजे ससाणा नव्हे. ससाण्याचे पंख लांब, टोकदार; शिक्र्याचे आखूड, गोलसर, आणि गळ्यावर मधोमध एक काळपट उभी रेघ. ग्मेलिनने १७८८ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिले. सेनेगलपासून दक्षिण चीनपर्यंत पसरलेल्या शिक्र्याच्या सहा उपजाती मानतात : दोन आफ्रिकेत, चार आशियात. महाराष्ट्रात दिसते ती ‘दुसुमिएरी’; श्रीलंकेतली ‘बाडियस’ अधिक गडद. रंगछटा बदलते, सवय तीच : आमराईतल्या फांदीवर दबा धरायचा आणि सरड्यावर झेप घ्यायची. पावशा या पक्ष्याचे रूप शिक्र्याशी इतके जुळते की भलेभले फसतात. अशा वेळी चोच पाहावी. शिक्र्याची आकडीसारखी वाकलेली असते.