हप्ते थकले तर घर आणि गाडी नेमकी कधी जाते?

पेपरच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरातली 'ताबा सूचना' तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. कर्जदाराचं नाव, फ्लॅट नंबर, चतुःसीमा, थकलेली रक्कम. भाषा इतकी किचकट की ज्याचं घर आहे त्यालाही ती दोनदा वाचावी लागेल. पण ही सूचना छापून आली म्हणजे घर गेलं, असं नसतं.

आधी घराचं बघू. थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त राहिली की बँक खातं एनपीए ठरवते आणि २००२ चा सरफेसी कायदा वापरू शकते. या कायद्यामुळे तारण ठेवलेलं घर विकायला बँकेला कोर्टात दावा लावावा लागत नाही. सुरुवात कलम १३(२) च्या नोटिशीनं होते: ६० दिवसांत सगळं येणं भरा. ही नोटीस घाबरून कपाटात ठेवायची नाही. तिच्यावर लेखी हरकत घेता येते. ती मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात.

६० दिवस उलटले की बँक ताबा घेऊ शकते. पण पहिला ताबा बहुतेकदा सांकेतिक असतो. म्हणजे दारावर नोटीस चिकटते, दोन वर्तमानपत्रांत सूचना छापून येते, पण तुम्ही घरातच राहता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते. ताब्याची कारवाई चुकीची वाटत असेल तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर इथं डीआरटी आहेत.

खरी मेख पुढे आहे. लिलावाच्या दिवशी सकाळी पैसे आणून घर सोडवू, असं अनेकांना वाटतं. पूर्वी विक्री होईपर्यंत तशी मुभा होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच सगळी रक्कम भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे सोनं मोडणं असो की नातेवाइकांकडून उसने घेणं, जे काही करायचं ते त्या नोटिशीच्या आधी.

'माझं कर्ज सहकारी बँकेचं आहे' म्हणून सुटका नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचा निकाल दिला. पतसंस्था मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात. शेतजमीन सरफेसीच्या बाहेर आहे. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल, तरीही हा कायदा वापरता येत नाही.

आता गाडी. इथं एवढ्या मुदती नाहीत. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो आणि गाडी परत घेण्याचं कलम करारातच असतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार त्या कलमात नोटिशीची मुदत, ताब्याची पद्धत आणि विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी लिहिलेली हवी. कोणत्या परिस्थितीत नोटीस न देता गाडी नेता येईल, हेही तिथंच असतं. सही करताना कोणी वाचत नाही, ते हेच पान.

म्हणून वसुलीवाल्यांनी रस्त्यात गाडी अडवून चावी हिसकावायची, असं नाही. वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सुनावलं आहे. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र आहे का, ते बघा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. दमदाटी झाली तर पोलिसांत जा. बँकेकडेही लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

'गाडी नेली, कर्ज संपलं' हा गैरसमज मात्र सगळ्यात महाग पडतो. समजा, ५ लाख बाकी आहेत आणि लिलावात साडेतीन लाख आले. उरलेले दीड लाख आणि यार्डाचा खर्च तुमच्याच नावावर राहतो आणि सिबिलवरही दिसतो. उलट जास्त पैसे आले तर वरची रक्कम तुमची. गाडी द्यायचीच वेळ आली तर आतल्या सामानाची यादी, किलोमीटरचं रीडिंग आणि फोटो ठेवा, आणि विक्रीनंतर हिशोबाचा कागद मागून घ्या.