आईची मोकळीक, लेकीचा हिशेब

जबलपूरच्या गढ्यातून बोलतेय. इथं इतिहास म्हटलं की एक आई हटकून आठवते. दलपतशहाच्या मृत्यूनंतर लहानग्या वीरनारायणाच्या नावानं राज्य चालवणारी, 1564 मध्ये मोगलांशी लढताना प्राण देणारी राणी दुर्गावती. टेकडीवर मदनमहाल आहे, शहरातल्या विद्यापीठाला राणीचं नाव आहे. आई आणि मुलगा ही गोष्ट इतिहासाला मानवते. आई आणि मुलगी, त्यातही एकमेकींवर रागावलेल्या, हे कुठं शोधायचं? मी सिनेमात शोधलं.

रेणुका शहाणे यांचा 'त्रिभंग' जानेवारी 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. नयनतारा आपटे ही मराठी लेखिका सासर सोडते, मुलांना घेऊन बाहेर पडते. मुलगी अनुराधा पुढे ओडिसी नर्तकी आणि नटी होते. आई कोमात गेल्यावर ती हॉस्पिटलात येते ती शिव्या देतच. आपण हसतो. मग कळतं, आईच्या पुढच्या संसारात, घरातच, या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला होता आणि आईला पत्ताही नव्हता. आधी हसलो त्याची लाज वाटते. तन्वी आझमी आणि काजोल यांचं हे भांडण एकतर्फीच चालतं, कारण ऐकणारी बेशुद्ध आहे. इतका काळा विनोद आपल्याकडे आई या विषयावर क्वचितच होतो.

रेणुकाबाईंच्या आई म्हणजे शांता गोखले. त्यांच्या 'रीटा वेलिणकर' कादंबरीवर लेकीनंच 2009 मध्ये 'रीटा' केला. पण म्हणून नयनमध्ये शांताबाईंना शोधू नका. असं शोधणं हा आपला जुना वाईट छंद आहे.

मला त्यापेक्षा मागे जायचंय, 1913 मध्ये. 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना नटी मिळाली नाही. तारामती केली अण्णा साळुंके या पुरुषानं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोन बायका पडद्यावर आल्या, आणि त्या मायलेकी होत्या. दुर्गाबाई कामत पार्वती, कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोटासाठी नाटकात शिरलेल्या. त्या काळी याचा अर्थ काय होता, ते सांगायला नको. लेकीचं बालपण फिरत्या कंपनीत गेलं.

आता कथा आठवा. भस्मासुराची नजर पार्वतीवर असते आणि मोहिनी त्याला नाचवत नाचवत स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावते. म्हणजे पडद्यावर तेरा-चौदा वर्षांच्या पोरीनं आईवरचं संकट निवारलं! फाळक्यांच्या हे मनात असेल असं मला वाटत नाही. पण मी ती कथा आता वेगळी ऐकते.

कमला पुढे कमलाबाई गोखले झाल्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि तीन मुलगे वाढवत रंगभूमीवर उभ्या राहिल्या. रीना मोहन यांनी 1992 मध्ये त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट केला. नव्वदीच्या आसपासची एकटी राहणारी बाई, कॅमेऱ्यापुढे जराही न बुजणारी. मिळाला तर जरूर पाहा.

कमलाबाईंची ओळख आजही लोक चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी अशीच करून देतात. दुर्गाबाई कोणाच्या आई होत्या, हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं.