टेनिसचे कौशल्य आणि गोल्फ

एका खेळात कमावलेले कौशल्य दुसऱ्या खेळात कितपत उतरते, या प्रश्नावर टेनिसकडून गोल्फकडे वळलेल्या खेळाडूंचा इतिहास चांगला प्रकाश टाकतो. १८८७ ते १८९३ या काळात विम्बल्डनचे एकेरीतील अजिंक्यपद पाच वेळा मिळविणाऱ्या लॉटी डॉड यांनी १९०४ मध्ये ट्रून येथे ब्रिटिश महिलांची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकली. १९३२ चे विम्बल्डन-विजेते एल्सवर्थ व्हाइन्स १९५१ मध्ये अमेरिकेच्या पी. जी. ए. स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले. आघाताची लय आणि अंतराचा अंदाज ही या खेळाडूंची जुनीच पुंजी होय. परंतु टेनिसचा चेंडू खेळाडूकडे धावून येतो, गोल्फचा स्थिर असतो; त्यामुळे तेथे चपळ प्रतिसादाला वाव उरत नाही आणि संयम नव्यानेच शिकावा लागतो.

१९५७ व १९५८ मध्ये विम्बल्डन जिंकणाऱ्या अ‍ॅल्थिया गिब्सन १९६४ पासून व्यावसायिक गोल्फ खेळल्या. त्या मालिकेतील एकही स्पर्धा त्यांना जिंकता आली नाही. तथापि केवळ यावरून त्यांचे कौशल्य गोल्फमध्ये उतरले नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. कृष्णवर्णीय म्हणून काही क्लबांनी त्यांना आपल्या वास्तूतही प्रवेश दिला नव्हता. कौशल्याचे संक्रमण तपासताना मैदानाचे दार कोणासाठी उघडे होते, हेही पाहिले पाहिजे.