दारातला दिवा लावायचा की मालवायचा?



आजकाल कुणाची लेक, कुणाची भाची अमेरिकेत असते. ऑक्टोबर संपत आला की तिकडून मोबाइलवर फोटो येतो. दारात मोठा तांबडा भोपळा, त्याला कोरलेले डोळे आणि दात, आत दिवा. शेजारी पोरं भुताच्या नाहीतर चेटकिणीच्या वेषात उभी. आपण म्हणतो, काय बाई हे! सणाला असं कुणी नटतं का?

या सणाचं नाव हॅलोविन. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. पोरं घरोघरी जातात आणि दारात उभी राहून म्हणतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. घरातली बाई हसून पिशवीत गोळ्या-चॉकलेटं टाकते.

आपल्याला वाटतं, हा ख्रिस्ती लोकांचा सण. पण खुद्द ख्रिस्ती घरांतच यावरून दरवर्षी बोलाचाली होतात. कुणी म्हणतं, पोरांचा खेळ आहे, जाऊ द्या. कुणी म्हणतं, देवाच्या लेकरांनी भुताखेतांचं सोंग कशाला घ्यायचं? आणि मधे ते पोर असतं. शाळेतले सगळे जाणार, मग मी का नाही, एवढंच ते विचारत असतं.

आज मी याच वादाचा इतिहास सांगणार आहे. मुलूख परका आहे, पण प्रश्न आपल्या ओट्यावरचा आहे. गाव करतं म्हणून आपणही करायचं का? आणि नाही केलं, तर शेजारपण कसं राखायचं?

आधी नाव समजून घेऊ. जुन्या इंग्रजीतून आलेल्या ‘हॅलो’ या शब्दाचा अर्थ संत, पवित्र माणूस. ‘ईन’ म्हणजे आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, म्हणून त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. नाव पाहिलं तर चर्चमधलंच आहे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये सर्व संतांच्या नावानं एक प्रार्थनास्थान उभारलं. पुढे ८३५ च्या सुमारास, चौथ्या ग्रेगरींच्या काळात, १ नोव्हेंबरचा हा दिवस युरोपात दूरवर पाळला जाऊ लागला. त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत घालून दिली. एक दिवस संतांचा, दुसरा आपल्या गेलेल्या माणसांचा.

मग यात भुतं कुठून आली? आयर्लंडमध्ये त्याच सुमारास ‘साविन’ नावाचा जुना सण होता. उन्हाळा संपला, गुरं डोंगरावरच्या कुरणातून खाली आणायची, हिवाळ्याची तयारी करायची, असा तो काळ. त्या रात्री या जगातलं आणि त्या जगातलं दार किलकिलं होतं, अशी लोकांची समजूत होती.

म्हणून काही जण म्हणतात, हा मुळात देव न मानणाऱ्यांचा सण, चर्चनं त्याला वरून रंग दिला. पण तेही इतकं सरळ नाही. आयर्लंडचं जुनं चर्च सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला पाळत असे. साविनबद्दल जे लिहिलेलं सापडतं, तेही ख्रिस्ती साधूंनी पुष्कळ नंतर लिहून ठेवलेलं. थोडक्यात, दोन प्रवाह एका घाटावर मिळाले, आणि आता कुठलं पाणी कुणाचं हे ओंजळीत घेऊन सांगता येत नाही.

मध्ययुगात इंग्लंडच्या खेड्यांत या दिवसांत गोरगरीब आणि पोरं दारोदार जात. घरातली बाई त्यांच्या हातावर एक छोटी गोड रोटी ठेवी आणि ते त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. त्या रोटीचं नावच ‘आत्म्याची रोटी’ असं होतं. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या आपल्या बायांना यातली भावना वेगळी समजावून सांगायला नको. दोन्हींमागचा धर्मविचार निराळा, पण गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाच्या तरी मुखात घास पडावा, ही इच्छा सारखीच.

मग मोठा धक्का बसला, आणि तारीखही तीच होती. ३१ ऑक्टोबर १५१७. जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूनं पंचाण्णव मुद्दे मांडले. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चिठ्ठ्या विकल्या जात, त्याविरुद्ध ते होते. तिथल्या चर्चचं नाव सर्व संतांचं चर्च, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा सण. यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. त्यांनी सांगितलं, मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करून काही होत नाही, ते देवाच्या हाती. इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात या रात्री मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवायलाही बंदी आली. आजही ल्यूथरचे अनुयायी ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणेचा दिवस म्हणून पाळतात. एकाच तारखेला एका घरात भोपळा, तर दुसऱ्या घरात ल्यूथरची आठवण.

इंग्लंडातले जे कडवे प्रॉटेस्टंट अमेरिकेत जाऊन वसले, ते तर सणांच्याच विरोधात. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली त्यांनी नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. हो, नाताळ! बायबलात सांगितलेला नाही म्हणून. तो कायदा १६८१ साली रद्द झाला. आज नाताळ न करणारं ख्रिस्ती घर शोधावं लागेल. कुठला सण आपला आणि कुठला नाही, हे काही आकाशातून पडत नाही. माणसं ठरवतात, आणि पुढची पिढी ते पुन्हा ठरवते.

हॅलोविन अमेरिकेत रुजला तो मुख्यतः आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या लोकांमुळे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं भयंकर दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देशोधडीला लागली. कितीतरी जण जहाजानं अमेरिकेला पोचले. त्यांच्याजवळ सामान फारसं नव्हतं, पण सण होता. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. इथे त्यांना भोपळा मिळाला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. बाईच्या हाताला जे सोपं, ते टिकलं.

पण पोरांच्या खोड्या हाताबाहेर जाऊ लागल्या. मिनेसोटा राज्यात अनोका नावाचं छोटं गाव आहे. तिथे १ नोव्हेंबरला सकाळी लोक उठून बघतात तर मुख्य रस्त्यावर गाई मोकाट फिरतायत, खिडक्यांना साबण फासलाय, परसातले संडास आडवे पडलेत. १९२० साली गावानं ठरवलं, पोरांना दटावून भागणार नाही, त्यांना काहीतरी काम देऊ. गावातून मोठी मिरवणूक काढली, शेकोटी केली, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या आणि गोळ्या वाटल्या. खोड्या काढणारी पोरं मिरवणुकीत चालू लागली. आजही तिथे ही मिरवणूक निघते.

आता जी गोष्ट सांगायला मी आज बसले, ती सांगते.

मेरी एमा अॅलिसन नावाची शाळेत शिकवणारी बाई होती. नवरा क्लाइड हे प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये सेवा करणारे. पदरी मुलं. १९४९ साली ती फिलाडेल्फिया शहरात खरेदीला गेली असताना रस्त्यात एक मिरवणूक दिसली. मिरवणुकीत चक्क एक गाय! ती मागोमाग चालत एका मोठ्या दुकानात शिरली. तिथे युनिसेफची मंडळी बसली होती. महायुद्धानं पोरकी आणि उपाशी झालेली मुलं परदेशात होती, त्यांच्या दुधाच्या पावडरीसाठी पैसे गोळा करत होती.

मेरी एमा घरी आली ती विचार करतच. पुढच्या वर्षीच्या हॅलोविनला या जोडप्यानं आपल्या मुलांच्या हातात दुधाचे रिकामे डबे दिले. सांगितलं, दारोदार जा, पण स्वतःसाठी गोळ्या मागू नका, दुसऱ्या देशातल्या मुलांसाठी नाणी मागा. त्या संध्याकाळी जमले सतरा डॉलर. त्यांनी ही कल्पना चर्चच्या लोकांना सांगितली. इतर गावांनी ती उचलली आणि ती देशभर पसरली. १९६७ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ३१ ऑक्टोबर हा युनिसेफचा दिवस म्हणून जाहीर केला. मेरी एमा २०१० साली वारली, तोवर अमेरिकेतल्या पोरांनी असे पंधरा कोटींहून जास्त डॉलर जमवले होते.

लक्षात घ्या, तिनं सण नाकारला नाही आणि जसा आला तसा घेतलाही नाही. दार तेच, पोरं तीच, हातातला डबा तिनं बदलला. ‘आत्म्याची रोटी’ मागणाऱ्या त्या जुन्या गरिबांची आठवण नकळत परत आली.

पण वाद संपला नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनची विषारी गोळी खाऊन मेला. सगळा देश हादरला. तपासात निघालं की विष दिलं होतं त्याच्या बापानं, विम्याच्या पैशासाठी. तरी ‘अनोळखी लोक खाऊत विष घालतात’ ही भीती आयांच्या मनात घर करून बसली. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसानं असा खाऊ वाटून मूल मारल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना मिळालं नाही. पुढे १९८० नंतर सैतानाची पूजा करणाऱ्या गुप्त टोळ्यांच्या अफवा उठल्या. पुष्कळ ख्रिस्ती घरांनी त्या काळात हॅलोविन सोडला.

अफवा खोटी होती म्हणून सोडणाऱ्यांचं सगळंच चुकलं, असं मात्र नाही. बायबलच्या जुन्या करारात मृतांशी बोलणं, शकुन पाहणं, चेटूक करणं याला सक्त मनाई आहे. ज्या आईला हे मनापासून पटलंय, तिला पोराच्या अंगावर चेटकिणीचा झगा घालवत नाही. तिचा तो प्रामाणिकपणा आहे.

आज अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांचे साधारण तीन मार्ग दिसतात. काही जण त्या संध्याकाळी दारातला दिवा मालवतात. दिवा बंद दिसला की पोरं त्या घरी जात नाहीत, अशी तिथली रीत आहे. काही जण चर्चच्या आवारात जमतात. गाड्यांच्या डिक्या सजवून त्यातून खाऊ वाटतात, पोरांना बायबलमधल्या माणसांचे वेष देतात. आणि काही जण दिवा लावतात, खाऊचं टोपलं घेऊन दारात बसतात. ते म्हणतात, वर्षभर ज्या शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही, तो आज स्वतःहून दारात येतो, मग दार लावून कसं घ्यायचं?

तिघेही आधार घेतात तो संत पौलाच्या पत्रांचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या करिंथ शहरात प्रश्न पडला होता की मूर्तीपुढे ठेवलेलं मांस बाजारात विकायला येतं, ते ख्रिस्ती माणसानं खावं का? पौलाच्या सांगण्याचा मथितार्थ असा. खाल्ल्यानं कुणी बाटत नाही, पण तुमच्या खाण्यानं एखाद्या बंधूच्या मनाला धक्का बसत असेल तर जपा. रोमच्या मंडळीला त्यानं आणखी लिहिलं, की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला कमी लेखू नये, आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. हे दुसरं सांगणं मला पहिल्याहून अवघड वाटतं.

आपल्याकडे वसईत, मुंबईत, गोव्यात कॅथलिक कुटुंबं २ नोव्हेंबरला दफनभूमीत जातात. आधी कबरी साफ करतात, मग फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. भोपळा आणि भुताचे वेष शहरातल्या मॉलमधून अलीकडे आले. मेणबत्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणजे या घरांपुढेही आता तोच प्रश्न उभा आहे. यातलं आपलं कुठलं?

आणि आपलं बघा. हळदीकुंकू हा आपल्या बायांचा केवढा आवडता कार्यक्रम! पण विधवेला तिथे बोलावत नसत. काही बायांनी म्हटलं, असला कार्यक्रमच नको. काही गप्प राहून करत राहिल्या. आणि कितीतरी बचत गटांनी तिसरी वाट काढली. हळदीकुंकू केलं आणि विधवा बाईला मानानं बोलावून तिच्या कपाळी कुंकू लावलं. मेरी एमानं पोरांच्या हातातला डबा बदलला, तसं आपण बोलावणं बदललं.

मैत्रिणींनो, सण आला की घरातला पुरुष पैशाचं बघतो, भटजी-पाळक नियमाचं बघतात, पण दारात उभी असते बाई. दिवा लावायचा की मालवायचा, पोराला काय सांगायचं, शेजारणीला काय उत्तर द्यायचं, हे तिलाच ठरवावं लागतं. ठरवताना तीन गोष्टी विचारा. हे मी भीतीनं करतेय की समजून? यानं कुणाचं मन दुखतं, कुणाचं पोट भरतं? आणि माझ्याहून वेगळं ठरवणाऱ्या शेजारणीकडे उद्या सकाळी मी विरजण मागायला जाऊ शकेन ना?

तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता आलं, तर दिवा लावलात काय आणि मालवलात काय, तुमच्या दारात अंधार होणार नाही.

पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. एखादा सण तुमच्या गटानं बदलून केला असेल, तर आम्हाला कळवा.