लाल खटक्यामागचा इतिहास : ११५ की २३०?

१/ जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या पाठीमागे एक लहानसा लाल खटका असे. एका बाजूस ११५, दुसऱ्या बाजूस २३०. परदेशी राहणाऱ्याच्या संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे इकडच्या बाजारातला ‘एसएमपीएस’, जळाला की नवा बसवताना पहिली गाठ या दोन आकड्यांशी पडे. त्यांचे मूळ संगणकाच्या शंभर वर्षे आधी सापडते.

२/ ४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर थॉमस एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. कार्बनच्या तंतूच्या दिव्यांना मानवेल असा सुमारे ११० व्होल्टचा दाब त्याने निवडला. पुढे दिष्ट प्रवाहाची जागा प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली, दिव्यांचे तंतूही बदलले. पण तोवर घरोघरी उपकरणे जोडली गेली होती. त्यामुळे अमेरिका त्या आकड्याच्या आसपासच राहिली. आज तेथे १२० व्होल्ट आहेत.

३/ बर्लिनने वेगळा मार्ग धरला. १८९९ मध्ये तेथील वीज कंपनीने दाब दुप्पट, म्हणजे २२० व्होल्ट करण्याचे ठरवले. हिशेब सरळ होता : दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि त्याच तारेतील विजेची नासाडी एक चतुर्थांशावर येते. तांब्याच्या बचतीतून ग्राहकांची उपकरणे बदलण्याचा खर्च भरून निघाला. युरोपने पुढे हाच कित्ता गिरवला.

४/ ब्रिटनमध्ये मात्र २४० व्होल्ट रूढ झाले. २२० आणि २४० यांचा मेळ घालण्यासाठी २३० हा मधला आकडा ठरला. ब्रिटनने तो १९९५ मध्ये स्वीकारला. मर्यादा अशा आखल्या गेल्या की प्रत्यक्ष पुरवठा फारसा बदलावा लागला नाही. भारतातही २३० व्होल्टच आहेत. गोल पिनांचा प्लग हा येथला ब्रिटिश वारसा. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक आणले, मुंबई-पुण्याच्या भिंतींत गोल छिद्रे राहिली.

५/ आता खटक्याकडे. २३० वर ठेवला की भिंतीतून येणारी वीज एकदिश होऊन कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्ट साठत. ११५ वर ठेवला की तेच मंडल दाब दुप्पट करी, म्हणजे अमेरिकेतही आत तेवढेच ३२५ व्होल्ट मिळत. पुढच्या भागाला आपण कोणत्या देशात आहोत याचा पत्ताच लागत नसे.

६/ धोका येथेच होता. पुण्याहून २३० वर ठेवलेला संगणक अमेरिकेत नेला, तर तो बहुधा नुसता सुरू होत नसे; खटका सरकवला की काम भागे. उलट, अमेरिकेतून आणलेला संगणक ११५ वरच ठेवून भारतात लावला, तर ३२५ चे ६५० व्होल्ट होऊ पाहत. मोठा आवाज, धूर आणि जळका वास! त्या काळी संगणक ही मोठ्या खर्चाची वस्तू होती, आणि चूक एका बोटाची.

७/ आतल्या तारांचा घोळ निराळा. जुन्या ‘एटी’ पद्धतीत मदरबोर्डला दोन जोडण्या लागत : पी-८ आणि पी-९. काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी येतील अशाच त्या बसवायच्या. अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जाई. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ मानक आणले आणि उलटी न बसणारी एकच मोठी जोडणी आली. तैपेईत बनलेला सप्लाय बर्लिनच्या संगणकात बसू लागला.

८/ लाल खटका मागे पडण्यास युरोपीय संघाचा एक नियम बराच कारणीभूत ठरला. संगणक वीजजाळ्यातून प्रवाह झटक्याझटक्याने ओढत आणि जाळे बिघडवत. २००१ पासून त्यावर मर्यादा आली. त्यासाठी वापरले गेलेले ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ मंडल बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब आपोआप पेलते. १०० व्होल्टचा जपानही त्यात सामावला.

९/ आज परदेशात सप्लाय बदलणाऱ्याने तरीही लेबल वाचावे. ‘१००–२४०’ असेल तर मायदेशी परतल्यावर केवळ भिंतीकडची वायर बदलावी लागते, कारण संगणकाकडचे तिचे टोक जगभर सारखे आहे. मात्र जुन्या मॉड्युलर सप्लायच्या केबल नव्याला लावू नयेत : मदरबोर्डकडचे टोक प्रमाणित आहे, सप्लायकडचे नाही. आणि सप्लायची पेटी उघडू नये. वायर काढल्यावरही कपॅसिटरांत वीज उरते.

१०/ सर्व जगासाठी एकच प्लग असावा म्हणून १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. मोजक्याच देशांनी ते मनावर घेतले. कोट्यवधी भिंती फोडण्याचा खर्च कोणालाच परवडणारा नव्हता. म्हणून एडिसनचा आकडा आणि बर्लिनचा आकडा दोन्ही जागच्या जागी राहिले, आणि जुळवून घेण्याचे काम संगणकाच्या कोपऱ्यातल्या एका पत्र्याच्या डब्यावर सोपवले गेले.