खारघरने काय मोजलं

पनवेल तालुक्यातल्या खारघरच्या कॅन्सर केंद्राचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परळच्या टाटा मेमोरियलची संशोधन शाखा 2002 मध्ये इथे आली. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र रुग्णांसाठी पहिल्यांदा इथेच बसलं. 2023 मध्ये प्रोटॉन उपचारांची सोय झाली. या साऱ्याचा अभिमान वाटायलाच हवा. तरी माझ्या मते टाटा आणि खारघर यांचं मोठं काम वेगळं आहे: आपल्याच रुग्णांवर रेडिएशनचा नेमका काय परिणाम होतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं.

परदेशात सिद्ध झालेलं इथे पुन्हा कशाला तपासायचं, असा आक्षेप घेता येतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत केमोथेरपी द्यावी, असं अमेरिकेत 1999 मध्येच जाहीर झालं होतं. पण आपल्याकडच्या कित्येक बायका रोग पार पुढे गेल्यावर, अंगात रक्त नसताना रुग्णालयात पोचतात. त्यांना ही जोड झेपेल का, तिचा फायदा होईल का, याचं पक्कं उत्तर तिकडच्या आकड्यांत नव्हतं. टाटाने 2003 पासून तिसऱ्या टप्प्यातल्या 850 स्त्रियांवर चाचणी केली. पाच वर्षांनी नुसत्या रेडिएशनच्या गटात शंभरात 46 जणी हयात होत्या, केमोथेरपीची जोड मिळालेल्या गटात 54. शंभरांमागे आठ संसार वाचले, आणि यासाठी कुठलंही नवं यंत्र लागलं नाही.

मग महागड्या यंत्रांचं काय? याच कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागणाऱ्या 300 स्त्रियांवरच्या टाटाच्याच चाचणीचं उत्तर मला विशेष महत्त्वाचं वाटतं. या उपचारात रोज आधी पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवायचं, म्हणजे आतडं किरणांच्या वाटेतून वर सरकतं. मग टेबलावर निश्चल पडून राहायचं, असं पाच आठवडे. प्रतिमा पाहून नेमके किरण देणाऱ्या नव्या पद्धतीने रोग आटोक्यात ठेवण्यात जुन्या पद्धतीहून फरक पडला नाही. आयुष्य वाढत नसेल तर खर्च कशाला, असं इथे कुणीही विचारेल. पण तीन वर्षांत आतड्याचा मध्यम वा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत 42 टक्के जणींना झाला, नव्या पद्धतीत 21 टक्के. ज्या बाईला शौचावर ताबा ठेवता येत नाही, तिला एसटीचा प्रवास, शेतातली मजुरी, लग्नाकार्याला जाणं, सगळंच अवघड होतं. ‘बरी झाली’ एवढ्या नोंदीत हा त्रास कुठेच दिसत नाही. चाचणीतल्या रुग्णांची देखभाल नेहमीपेक्षा काटेकोर असते, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. रायगडच्या आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या बाईला पाच आठवडे राहायला जागा मिळाली नाही आणि उपचार अर्धवट सुटला, तर हे आकडे तिचे उरत नाहीत. म्हणून निवासाच्या सोयीवरचा पैसा मी उपचाराच्याच खर्चात धरतो, आणि प्रोटॉनच्या यशाचा हिशेबही आतड्याच्या त्या आकड्यांइतक्याच कसोशीने व्हावा असं मला वाटतं.